सायफनमध्ये हवा कुठून शिरते? बाटल्या भरण्याआधी करायची पाण्याची चाचणी



व्हिडिओत आपण बिअर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात सायफनने कशी घ्यायची ते बघितलं. नळी पारदर्शक होती, त्यामुळे एक गोष्ट तुमच्याही नजरेत आली असेल. वरच्या जोडापासून बारीक बारीक बुडबुड्यांची माळ निघते आणि नळीतून खाली वाहत जाते. दिसायला काहीच नाही. जमिनीवर एक थेंब सांडलेला नसतो, बिअर खाली उतरतच असते. म्हणून बहुतेक जण म्हणतात, "चालतंय की!"

नाही चालत. त्या बुडबुड्यांनी १८ लिटर माल खराब होऊ शकतो, आणि तो खराब झालाय हे तुम्हाला त्या दिवशी कळतच नाही. कळतं काही आठवड्यांनी, बाटली उघडल्यावर. म्हणून आजचा अख्खा लेख एका जोडावर.

आधी कायद्याचं बोलू

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याचं काम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असतं. "थोडीशीच, घरच्यापुरती" ही सबब तिथे चालत नाही. व्यवसाय करायचा असेल तर मायक्रोब्रुअरीचा रीतसर परवाना, नाहीतर परवाना असलेल्या ठिकाणी नोकरी करून शिकणं, हेच दोन रस्ते.

परदेशात चित्र वेगळं आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी स्वतःसाठी बिअर बनवायला परवाना लागत नाही. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यामुळे केंद्राच्या पातळीवर मोकळीक मिळाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. पण विकायची नाही. तिकडे राहणारे आपले बरेच मराठी लोक या छंदातूनच धंद्याकडे वळायचा विचार करतात. त्यांच्यासाठी हा लेख थेट उपयोगाचा.

आणि तुम्ही इथे असाल तरी वाचा. कारण खाली सांगितलेली सगळी चाचणी साध्या पाण्यावर करायची आहे. पाण्यावर सराव करायला कुठलाही परवाना लागत नाही.

न ठिबकणारी गळती

गळती म्हटलं की आपण ठिबकणारा नळ डोळ्यासमोर आणतो. नळाच्या पाइपात पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो, म्हणून फट मिळाली की पाणी बाहेर येतं. सायफनचं उलटं आहे.

नारळपाणी पिताना स्ट्रॉ वरच्या बाजूला चिरलेली असेल तर काय होतं आठवा. चिरेतून नारळपाणी बाहेर सांडत नाही. उलट हवा आत येते, फुर्र फुर्र आवाज होतो आणि तोंडात अर्धी हवाच येते. कारण ओढत असताना स्ट्रॉच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो.

सायफनमध्ये तोंडाने ओढण्याचं काम नळीतली खाली उतरणारी बिअर करते. ती आपल्या वजनाने खाली जाते आणि मागच्या बिअरला ओढून घेते. त्यामुळे सायफन वाहत असताना नळीचा जो भाग दोन्ही भांड्यांतल्या द्रवाच्या बाहेर असतो, तिथे आतला दाब हवेपेक्षा कमी असतो. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब हा वातावरणाच्या दाबाचा साधारण दहावा भाग. म्हणजे फार मोठी ओढ नाही, पण केसाएवढ्या फटीतून हवा आत घ्यायला ती पुरेशी आहे.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाहत्या सायफनची गळती कधी ठिबकत नाही. म्हणून जोडाला हात लावून "कोरडा आहे, म्हणजे बरोबर आहे" असं म्हणू नका. जोड कोरडाच असणार!

थोडी हवा गेली तर बिघडलं काय?

आंबवणं सुरू होण्याआधी यीस्टला ऑक्सिजन हवाच असतो, तेव्हा आपण मुद्दाम हवा देतो. पण आंबवणं संपल्यावर तोच ऑक्सिजन बिअरचा शत्रू होतो. तीन नुकसानं होतात.

पहिलं, चव. ऑक्सिजन लागलेल्या बिअरला काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येऊ लागते. हॉप्स जास्त घातलेली बिअर असेल, म्हणजे आयपीए वगैरे, तर तिचा ताजा वास उडतो आणि रंग काळपट होत जातो.

दुसरं, आंबटपणा. दारूचं व्हिनेगर करणारे जिवाणू हवेवर जगतात. हवा मिळाली नाही तर त्यांचं फारसं चालत नाही.

तिसरं, सायफन तुटतो. आलेली हवा नळीच्या सगळ्यात उंच वळणात साठत जाते, धार बारीक होते आणि एका क्षणी थांबते. मग आपण घाईत सायफन पुन्हा सुरू करतो, नळी हलते, तळाचा गाळ ढवळला जातो. म्हणजे हवा तर गेलीच, वर गाळही बाटलीत.

आता हिशोब करा. घरगुती बॅच साधारण १९ लिटरची, म्हणजे ५ गॅलनची. एक लिटर गाळाबरोबर सोडला तर उरले १८ लिटर. ३३० मिलिलिटरच्या ५४ बाटल्या. या सगळ्या बाटल्या त्या एकाच जोडातून जातात. धान्य, हॉप्स, यीस्ट, गॅस, तुमचे दोन-तीन आठवडे, सगळं त्या जोडावर टांगलेलं असतं.

हवा शिरण्याच्या पाच जागा

१. कठीण नळी आणि मऊ नळीचा जोड. दहातले बहुतेक घोटाळे इथेच. मऊ नळी जुनी होऊन सैल पडते, किंवा मापच चुकलेलं असतं.

२. पंपाच्या दांड्याचं रबर. ऑटो-सायफन म्हणजे आत-बाहेर दोन नळ्यांचा हातपंप. आतल्या नळीच्या तळाशी रबराची चकती असते. ती झिजली किंवा कोरडी असली की कडेने हवा घेते.

३. कठीण नळीच्या बाकातली बारीक चीर. प्लास्टिकची नळी गरम पाण्यात घातली, पडली, दाबली गेली की वळणावर तडा जातो. उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही.

४. मधला चिमटा. धार कमी करायला आपण नळीवर चिमटा लावतो. तो वरच्या भागात लावला तर चिमट्याच्या पुढच्या नळीत ओढ आणखी वाढते. त्यामुळे पुढचा प्रत्येक जोड जास्त हवा घेतो.

५. नळीचं तोंडच उघडं पडणं. भांडं रिकामं होत आलं की वरचं टोक द्रवाच्या बाहेर येतं आणि एकदम घोट भरून हवा जाते. जोड कितीही पक्का असला तरी हे होतं.

पाण्याची चाचणी

पंक्चरवाला काय करतो? ट्यूबमध्ये हवा भरतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतो. आपण तेच करायचं, आणि त्याला एक पायरी जोडायची. पहिल्या वेळी वीस मिनिटं लागतील, नंतर दहा.

*चाचणी एक: घमेलं*

सगळा सायफन जोडा. नळीचं एक टोक अंगठ्याने घट्ट बंद करा, जोड पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकातून फुंका. जिथून बुडबुडे येतील तिथे फट. ही चाचणी नळी निर्जंतुक करण्याच्या आधी करायची, कारण तोंड लागलेलं असतं. आणि फुंकायचं ते फक्त नळीत. काचेच्या बंद भांड्यात कधीही हवा किंवा गॅसचा दाब भरू नका. ते फुटतं आणि काच अंगावर येते.

*चाचणी दोन: थांबवलेला सायफन*

उकळून गार केलेलं पाणी वरच्या बादलीत घ्या. उकळलेलं का? नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. ती नळीच्या आतल्या बाजूला बारीक फुग्यांसारखी चिकटते आणि आपण उगाच घाबरतो.

सायफन सुरू करा. नळी पूर्ण भरली की खालच्या टोकाला चिमटा लावून धार बंद करा. आता पंधरा मिनिटं हात लावू नका.

धार थांबली की दाबाचं गणित बदलतं. वरच्या बादलीतल्या पाण्याच्या पातळीच्या खाली जे जोड लटकत असतात, तिथे आता दाब हवेपेक्षा जास्त होतो. त्यांच्यात फट असेल तर ते चक्क ठिबकतील. त्यांच्याखाली कोरडा कागद ठेवा. पातळीच्या वरचे जोड मात्र अजूनही हवाच ओढत असतात. त्यांच्यासाठी सगळ्यात उंच वळणाकडे बघा. तिथे हवेचा फुगा तयार होऊन वाढत असेल, तर वरचा जोड कच्चा आहे. पंधरा मिनिटांनी वळण पूर्ण भरलेलं असेल तर तो पास.

*चाचणी तीन: ओली बोटं*

सायफन वाहत असताना बुडबुडे दिसले तर संशयित जोडावर निर्जंतुक केलेल्या पाण्याचे चार-पाच थेंब टाका. बुडबुडे क्षणभर थांबले तर चोर सापडला. हवेऐवजी ते पाणी फटीतून आत गेलं, म्हणून माळ तुटली.

प्रत्येक बुडबुडा हवेचा नसतो

पाण्यावर पास झालेला सायफन बिअर लावल्यावर पुन्हा बुडबुडे दाखवू शकतो. लगेच नळी फेकू नका. आंबवताना यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि त्यातला काही बिअरमध्ये विरघळून राहतो. २० अंश तापमानाला एका लिटर बिअरमध्ये साधारण पाऊण लिटर किंवा थोडा जास्तच. नळीत दाब कमी झाला की तो बाहेर येतो. सोडा उघडल्यावर येतो तसाच.

ओळखायचं कसं? हवेची माळ नेहमी एकाच जागेपासून सुरू होते. जोडाच्या मागे नळी स्वच्छ, जोडाच्या पुढे बुडबुडे. कार्बन डायऑक्साइड मात्र कुठेही दिसतो, जोडाच्या आधीसुद्धा. बिअर गार केली की तो कमी होतो. हवेची माळ गारठ्याने थांबत नाही.

म्हणूनच पाण्याची चाचणी आधी करायची. आधी केली नसेल तर बाटल्या भरायच्या दिवशी तुम्हाला ठरवताच येत नाही की हे नक्की काय आहे.

जोड पक्का कसा करायचा

माप जुळवा. कठीण नळीचा बाहेरचा व्यास ९.५ मिलिमीटर असेल तर मऊ नळीचा आतला व्यास ८ मिलिमीटर हवा. चढवायला जोर लागला पाहिजे. सहज सरकली तर ती नळी चुकीची.

टोक ताजं कापा. जुन्या नळीचं टोक ताणून सैल झालेलं असतं. दोन-तीन सेंटीमीटर सरळ कापून टाका. ब्लेड वापरा, कात्रीने टोक चपटं होतं.

गरम पाण्यात बुडवा. मऊ नळीचं टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा आणि लगेच कठीण नळीवर किमान दोन-तीन सेंटीमीटर चढवा. गार झाल्यावर ती आवळून बसते. कठीण प्लास्टिकची नळी मात्र उकळत्या पाण्यात घालू नका, तिला तडे जातात.

क्लिप लावा, पण आवळत सुटू नका. क्लिप हा चांगल्या मापाला आधार आहे, चुकीच्या मापावरचा इलाज नाही. स्क्रूची क्लिप जास्त पिळली तर आतली नळी चपटी होते आणि नवीन फट तयार होते.

रबर ओलं ठेवा. ऑटो-सायफनचं रबर आधी निर्जंतुक द्रवात भिजवा. सुरू झाल्यावर दांडा पूर्ण खाली दाबून ठेवा, म्हणजे रबर द्रवाखाली बुडालेलं राहतं. बुडालेल्या रबराने गळती केली तरी आत बिअरच जाईल, हवा नाही. रबर कडक झालं असेल तर बदला.

चिमटा नेहमी खालच्या टोकाजवळ. बाटल्या भरायला तळाशी झडप असलेली भरणनळी वापरत असाल तर उत्तमच.

आणि काय करायचं नाही? जोडावर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळायची नाही. एम-सीलसारखी लांबी लावायची नाही. पाइपचं सोल्युशन तर अजिबात नाही. हे खाण्यापिण्याचं सामान आहे. शिवाय टेपच्या आत ओल राहते आणि तिथे जंतू वाढतात.

भरायच्या दिवशीचा क्रम

१. वरचं भांडं आदल्या रात्रीच उंचावर ठेवा आणि एका बाजूला पातळ पाचर लावून किंचित कलतं करा. गाळ एका कोपऱ्यात बसतो आणि शेवटी भांडं हलवावं लागत नाही.

२. नळी निर्जंतुक द्रवाने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने भरून घ्या. स्कूटरच्या टाकीतून पेट्रोल काढायला तोंडाने ओढतात तसं इथे अजिबात करायचं नाही. तोंडातले जंतू बिअर आंबट करतात.

३. वरचं टोक बिअरमध्ये सोडा. खालच्या टोकातून आधी नळीतलं पाणी एका मगात जाऊ द्या. बिअर आली की चिमटा बंद करा आणि टोक खालच्या भांड्याच्या तळाशी ठेवून मग सोडा. टोक कायम द्रवात बुडालेलं हवं. वरून धार पाडली तर जोड पक्का असूनही हवा मिसळतेच.

४. नळी खाली सरळ उतरू द्या. मध्ये उंच वेटोळी पडली की तिथे फुगा अडकतो.

५. भांड्यात थोडं उरलं की नजर वरच्या टोकावर ठेवा आणि ते उघडं पडण्याआधी चिमटा बंद करा. शेवटचा अर्धा लिटर सोडून द्या. जीव तुटतो, कबूल. पण त्या अर्ध्या लिटरसाठी घोट भरून हवा आणि गाळ १८ लिटरमध्ये घालायचा का, एवढंच स्वतःला विचारा.

वहीत काय लिहायचं

तुम्हाला यातून पुढे धंदा उभा करायचा असेल तर जोडाइतकीच वही महत्त्वाची आहे. एका पानावर चारच गोष्टी: तारीख, पाण्याच्या चाचणीचा निकाल, नळी आणि रबर कधी बदललं, आणि भरताना बुडबुडे कुठे दिसले.

सोबत पहिल्या आणि शेवटच्या बाटलीवर खूण करा. दोन-तीन आठवड्यांनी, फसफस तयार झाली की, आणखी दोन बाटल्या घ्या. एक फ्रिजमध्ये, एक बाहेर सावलीत. महिन्याने दोन्ही सारख्या गार करून शेजारी शेजारी चाखा. ऑक्सिजनचं नुकसान उष्णतेत लवकर दिसतं. बाहेरची बाटली पुठ्ठ्यासारखी लागली आणि फ्रिजमधली ठीक लागली, तर वहीचं ते पान उघडा. चाचणी केली होती का, हे तिथे लिहिलेलं असेल.

पुढे मायक्रोब्रुअरीत काम करायला गेलात तर तिथे स्टीलच्या टाक्या, पंप आणि कार्बन डायऑक्साइड असेल, ही प्लास्टिकची नळी नसेल. पण पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचा जोड तिथेही असाच कोरडा राहून हवा घेतो. ज्याने घरी पाण्यावर हे ओळखायला शिकलंय त्याला तिथे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि बिअरशी तुमचा काही संबंध नसेल, तुम्ही लाकडी घाण्याचं तेल निवळून काढत असाल, तरी हीच चाचणी करा. तेलाला हवा लागली की ते खवट होतं. फक्त तेलासाठी नळी वेगळी, तेलाला चालणारी घ्या आणि पाण्याने तपासल्यावर ती पूर्ण कोरडी करा.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ: दोन बादल्या, एक नळी, एक चिमटा आणि पंधरा मिनिटं. चाचणी दोन करून बघा आणि वळणावर फुगा येतो का ते वहीत लिहा. आला तर वाईट वाटून घेऊ नका. पाण्यात सापडला, मालात नाही.